दमा आहे म्हणून वसतिगृह नको?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईने लिहिलं आहे. मुलगी ११ वर्षांची, वजन २९ किलो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या निवासी शाळेत सहावीसाठी तिची निवड झाली आहे आणि जूनअखेर हजर व्हायचं आहे. दोन-अडीच वर्षांपासून तिला दमा आहे. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला लावून औषध ओढायचा पोकळ डबा, दिला होता. रोज घ्यायचा पंप संपल्यावर परत आणला नाही, कारण ‘पंपाची सवय लागते’ असं सासूबाई म्हणतात. दम लागला की दुसरा पंप आणि गोळ्या देतात, फारच झालं तर गावातल्या डॉक्टरांकडून सुई. गेल्या पावसाळ्यापासून सुई तीनदा लागली. आठवड्यातून दोन-तीन रात्री ती खोकत उठून बसते, शाळा बुडते, खेळताना मागे राहते. वडील म्हणतात, अशा पोरीला दूर पाठवायचं नाही. मामा म्हणतात, पाठवा, पण फॉर्मवर दमा लिहू नका, प्रवेश जाईल. आईचा प्रश्न असा: घरी ठेवू की पाठवू? आणि पाठवलं तर शाळेला सांगू की लपवू?

उत्तर

ताई,

पत्रात तुम्ही लिहिलं आहे, ‘घरी निदान नजरेसमोर तरी राहील.’ तुमच्या घरातला सगळा वाद या वाक्यावर उभा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू. घर म्हणजे सुरक्षित आणि वसतिगृह म्हणजे धोका, असं सगळ्यांनी धरून चाललं आहे. पण तुमचंच पत्र परत वाचा. रात्री बसून काढणं, बुडालेली शाळा, तीन सुया, हे सगळं ती नजरेसमोर असतानाच झालं. तुम्हाला बोल लावायला हे लिहीत नाही. तुम्ही तिच्यासाठी जागता हे पत्रातून दिसतंच. पण नजर ठेवल्याने दमा आवरत नाही. तो आवरतो रोजच्या औषधाने, आणि त्रास वाढला की कुणी, काय, किती द्यायचं हे आधीच ठरवून ठेवल्याने. तुमच्या घरी आज या दोन्ही गोष्टी नाहीत. शाळेतही त्या नसतील, तर घर काय आणि वसतिगृह काय, फरक पडणार नाही.

दमा ताब्यात आहे का हे पाहायला डॉक्टर चार प्रश्न विचारतात, ते तुम्ही घरी विचारू शकता. गेल्या चार आठवड्यांत दिवसा धाप, खोकला किंवा घरघर आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाली का? दम्यामुळे रात्री एकदा तरी जाग आली का? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? खेळणं, चालणं, शाळा यात कुठे अडलं का? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर दमा ताब्यात आहे. एक-दोन ‘हो’ म्हणजे अर्धवट ताब्यात. तीन किंवा चार ‘हो’ म्हणजे ताब्यात नाही. तुमच्या पत्रावरून मुलीची चारही उत्तरं ‘हो’ दिसतात.

आता सवयीचं. सासूबाईंच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे: रोजचा पंप बंद केला की त्रास परत येतो. पण ती सवय नव्हे. आजार अजून तिथेच आहे, एवढाच त्याचा अर्थ. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचतो. दम लागल्यावर देता तो साल्ब्युटामॉलचा पंप पाचेक मिनिटांत स्नायू सैल करतो, चार-सहा तासांत त्याचा जोर ओसरतो, आणि सूज होती तिथेच राहते. निंदताना नुसते शेंडे खुडले आणि मुळं ठेवली तर तण जसं पुन्हा वर येतं, तसंच हे. सूज उतरवतो तो रोजचा पंप, म्हणजे ब्युडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोनसारखं श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड. तो घेतल्याबरोबर काहीच जाणवत नाही. फरक दिसायला एक-दोन आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. म्हणूनच घराघरात हाच पंप आधी बंद पडतो आणि नको त्याच्यावर भिस्त राहते. आराम देणारा २०० पफचा (एकदा दाबला की एक पफ) पंप वर्षात तीन किंवा जास्त वेळा विकत आणावा लागत असेल, तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढला आहे असं समजा.

पंपाची भीती वाटते आणि गोळीची वाटत नाही, हे मला फार खटकतं. हिशोब करून पाहा. साल्ब्युटामॉलच्या पंपातल्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. २ मिलिग्रॅम म्हणजे २००० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका लहान गोळीत २० पफांएवढं औषध. तेही पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जातं. हात थरथरतात, छाती धडधडते, आणि फुप्फुसाला उशिरा पोचतं. दम्यावर देतात त्या थिओफायलिनच्या गोळ्यांच्या तर उपयोगाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतरच थोडं असतं. एरिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं सोबत चालू असली तर रक्तातलं प्रमाण आणखी वाढतं, मग उलट्या होतात, कधी झटकेही येतात.

दम लागल्यावर गावात मिळणारी सुई पुष्कळदा डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडची असते. खऱ्या मोठ्या अटॅकमध्ये पोटातून किंवा शिरेतून स्टिरॉइड लागतं, त्याला पर्याय नाही. पण वर्षातून दोन-तीनदा ते लागत असेल तर रोजचा उपचार कमी पडतो आहे हे पक्कं. वारंवार दिलेल्या अशा स्टिरॉइडने वजन, हाडं, उंची, साखर सगळ्यावर परिणाम होतो. रोजच्या कमी मात्रेच्या पंपाचंही खरं काय ते सांगते: पहिल्या एक-दोन वर्षांत उंची किंचित मागे पडू शकते, आणि मोठेपणी साधारण एक सेंटिमीटरचा फरक राहू शकतो. न आवरलेला दमासुद्धा वाढ खुंटवतोच. सासूबाईंना भीती वाटतेच तर ती सुईची वाटू द्या.

मग आता काय करायचं? शाळेला सहा-सात आठवडे आहेत. हा वेळ पुरेसा आहे, पण आजपासून धरला तरच. मुलीला छातीच्या किंवा मुलांच्या डॉक्टरांकडे न्या. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं मेडिकल, जे जवळ पडेल ते. जाताना जुने कागद, रिकामे पंप आणि स्पेसर सगळं पिशवीत घाला. मुलगी पंप कसा घेते ते डॉक्टरांसमोर करून दाखवायला सांगा. औषध बदलायच्या आधी हे बघणं गरजेचं असतं, कारण औषध बरोबर आणि घेण्याची रीत चुकीची, अशा मुलांची संख्या मोठी आहे. तिथे फुंकून करायची स्पायरोमेट्री होईल: एकदा तशीच, एकदा पंप दिल्यावर. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, वजन घटत असेल किंवा संध्याकाळी ताप येत असेल, तर टीबीची तपासणीही करून घ्या. सगळाच खोकला दम्याचा नसतो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तेच चार प्रश्न पुन्हा विचारा. एखादंच ‘हो’ उरलं असेल तर मुलीला पाठवा. औषध नीट, रोज, बरोबर रीतीने घेऊनही तीन-चार ‘हो’ राहिले, तर प्रवेश नाकारू नका. डॉक्टरांचं पत्र देऊन हजर व्हायला तीन-चार आठवडे मागून घ्या आणि परत दाखवा. मला विचाराल तर निवड सोडून देणं हा पर्याय मी सगळ्यात शेवटी ठेवेन. दमा असलेली मुलं धावतात, शिकतात, वसतिगृहात राहतात.

पंप घेण्याच्या रीतीवर जरा थांबते, कारण गाडी इथेच अडते. पंप पाच-सहा वेळा जोरात हलवायचा. आतलं औषध तळाशी बसतं, न हलवता दाबला तर कधी कमी, कधी जास्त येतं. नवा असेल किंवा आठवडाभर वापरला नसेल तर आधी दोन-तीन पफ हवेत सोडायचे. पंप स्पेसरला लावायचा, मुलीने श्वास बाहेर सोडायचा, स्पेसरची तोंडाकडची नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे. मग एकच पफ दाबायचा आणि सावकाश श्वास आत घ्यायचा. श्वास दहा सेकंद धरता आला तर उत्तम, धाप असेल तर तोंड न काढता पाच-सहा साधे श्वास घ्यायचे. दुसरा पफ हवा असेल तर पंप काढून पुन्हा हलवायचा आणि सगळं पहिल्यापासून. दोन-तीन पफ एकदम स्पेसरमध्ये मारले की थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात आणि फुप्फुसात थोडंच पोचतं. ही चूक घाबरलेल्या घरात हमखास होते. पाच वर्षांखालच्या मुलांना नळीऐवजी मास्क लागतो, आणि तो नाकातोंडावर फटीशिवाय बसला पाहिजे.

स्पेसर महिन्यातून एकदा तरी भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा, आतून घासायचा नाही, फडक्याने पुसायचा नाही, उभा ठेवून आपोआप वाळू द्यायचा. पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. दात घासायच्या आधी पंप ठेवला की चूळ वेगळी आठवावी लागत नाही.

डॉक्टरांनी पंपाऐवजी रोटाकॅप, म्हणजे ओढून घ्यायच्या पावडरच्या कॅप्सूल, दिल्या असतील तर रीत उलटी आहे: तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा, कारण पावडर उडवणारी ताकद आपल्याच श्वासाची असते. कॅप्सूल गिळायची नाही. पावसाळ्यात ती पाकिटातून आधीच काढून ठेवली तर ओलीने पावडरचे गोळे होतात. मोठ्या अटॅकमध्ये मुलांना एवढा जोर लावता येत नाही, म्हणून आराम देणारं औषध स्पेसरसह पंपातूनच जवळ ठेवावं.

पंपांचे रंग कंपनीगणिक बदलतात. ‘निळा दे, तपकिरी दे’ असं सांगून चालणार नाही. दोन्ही पंपांवर पांढरी चिकटपट्टी लावा आणि ठसठशीत लिहा: ‘रोजचा’ आणि ‘दम लागल्यावरचा’.

आता त्रास वाढल्यावर काय करायचं ते लिहिलेला कागद. याला उपचार आराखडा म्हणतात. तो डॉक्टरांनी लिहून, सही करून द्यायचा असतो. न दिला तर मागायचा. एका पानाचा, मराठीत, आणि रात्री दोन वाजता वसतिगृहाच्या अधीक्षिका बाईंना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. खाली जे आकडे देते ते तिच्या वयाला साधारण लागू पडतात. तिच्या कागदावरचे नक्की आकडे डॉक्टरच टाकतील.

कागदाचे तीन भाग. हिरवा भाग म्हणजे ती ठीक आहे: झोप शांत, खोकला नाही, खेळते आहे. रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ, स्पेसरमधून. ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ब्युडेसोनाइडची कमी मात्रा दिवसाला १०० ते २०० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे १०० चा एक पफ सकाळी, एक संध्याकाळी. तिचा दमा सध्या बराच बिघडलेला असल्याने डॉक्टर सुरुवातीला जास्त मात्रा किंवा दोन औषधांचा एकत्र पंप देऊ शकतील. बरं वाटलं म्हणून हा भाग बंद करायचा नाही. निदान तीन महिने दमा ताब्यात राहिल्यावर मात्रा कमी करायची का, ते डॉक्टर ठरवतात.

पिवळा भाग म्हणजे बिघडायला लागलं: सर्दी धरली, रात्री खोकला, घरघर, जिना चढताना धाप. दम लागल्यावरच्या पंपाचे २ ते ४ पफ, एकेक करून. २० मिनिटांत उतरलं नाही तर पुन्हा तेवढेच. उतरलं तर रोजचा पंप चालू ठेवून लागेल तसा, चार-चार तासांच्या अंतराने. चार तास व्हायच्या आत पुन्हा गरज पडली, किंवा दुसऱ्या दिवशीही पंप लागतच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि घरी फोन. मुलांचे बहुतेक अटॅक साध्या सर्दीने सुरू होतात. शाळा उघडली, पाऊस पडला, सगळ्यांची नाकं गळायला लागली, की हा भाग डोळ्यांपुढे ठेवायचा.

लाल भाग म्हणजे थांबायचं नाही. एका दमात वाक्य पुरं होत नाही, दोन शब्द बोलून थांबते. फासळ्यांमधली आणि गळ्याखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जाते. नाकपुड्या फुलतात, ओठ निळसर दिसतात, मूल गुंगल्यासारखं होतं, किंवा पंप देऊनही आराम नाही. तिला बसतं ठेवायचं, झोपवायचं नाही. दम लागल्यावरचा पंप, ४ ते १० पफांमधला डॉक्टरांनी लिहिलेला एकच नक्की आकडा, समजा ६, एकेक करून. १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत आणि गाडीतसुद्धा दर २० मिनिटांनी तेवढेच पफ. डॉक्टरांनी आधी लिहून ठेवलं असेल तरच प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी, १ ते २ मिलिग्रॅम दर किलो वजनाला, या वयात जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम. दवाखान्यात ऑक्सिजन मिळाला पाहिजे. आणि एक गोष्ट कागदावर ठळक लिहून घ्या: धाप चालू असताना घरघर अचानक थांबली तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. हवा जायचीच बंद झाल्याने आवाज थांबलेला असू शकतो.

‘आमच्याकडे वाफेचं मशीन नाही’ म्हणून पुष्कळ पालक आणि शिक्षक हातपाय गाळतात. साध्या आणि मध्यम अटॅकमध्ये स्पेसरमधून दिलेला पंप नेब्युलायझरइतकंच काम करतो, आणि त्याला वीज लागत नाही. लाइन गेलेल्या रात्री हे फार मोलाचं आहे. गावी स्पेसरच मिळाला नाही तर ५०० मिलिलिटरच्या स्वच्छ प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, पंप बसवून फट चिकटपट्टीने बंद केली तरी चालतं. बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात धरायचं.

फुंकीचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर मिळाला तर घ्या, स्वस्त असतो. उभं राहून काटा शून्यावर आणायचा, पूर्ण श्वास भरायचा, ओठ मिटून एकदम जोरात फुंकायचं. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. तब्येत ठीक असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ लिहिलं की तिचा स्वतःचा उत्तम आकडा कळतो. समजा तो २६० निघाला, तर ८० टक्के म्हणजे साधारण २१० च्या वर हिरवा, १३० ते २१० पिवळा, १३० च्या खाली लाल. काही मुलांना आपला त्रास वाढलेला जाणवतच नाही, त्यांना हा आकडा वाचवतो.

आता मामांचं म्हणणं. लपवू नका, ताई. लपवलेल्या दम्याचं वसतिगृहात काय होतं ते डोळ्यासमोर आणा. पंप पेटीच्या तळाशी, पेटीला कुलूप, किल्ली मुलीच्या गळ्यात. कुणाला दिसू नये म्हणून रोजचा पंप ती संडासात जाऊन घेणार, किंवा घेणारच नाही. रात्री खोकला सुरू झाला तर घरची आठवण येते म्हणून रडते आहे असं बाईंना वाटणार. अधीक्षिकेला लाल खुणा माहीत नसतील तर पहिला तासभर गरम पाणी आणि बाम यातच जाईल. मोठ्या अटॅकमध्ये तोच तास महत्त्वाचा असतो.

प्रवेशाची शंका असेल तर नियम मुख्याध्यापकांना थेट विचारा, अंदाजावर राहू नका. तंदुरुस्तीच्या दाखल्यावर डॉक्टरांकडून नुसतं ‘दमा आहे’ असं न लिहिता पुरं लिहून घ्या: ‘दमा आहे, नियमित उपचाराने नियंत्रणात आहे, शाळा, खेळ व वसतिगृहासाठी योग्य, उपचार आराखडा सोबत जोडला आहे.’ नुसतं आजाराचं नाव वाचून शाळा घाबरते, काय करायचं हे सोबत लिहिलेलं असलं की जबाबदारी घेते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या तपासायच्या आजारांत श्वासनळ्या आवळण्याचा हा आजार आहेच. तपासणीचं पथक शाळेत येईल तेव्हा मुलीने सांगितलं पाहिजे, आणि बाईंनीही.

कागदाच्या चार प्रती काढा: एक मुलीकडे, एक अधीक्षिकेकडे, एक वर्गशिक्षकांकडे, एक तुमच्याकडे. पाठीमागे तुमचा फोन नंबर, डॉक्टरांचा नंबर आणि सर्वांत जवळच्या अशा दवाखान्याचं नाव, जिथे रात्री ऑक्सिजन मिळतो. हजर व्हायच्या दिवशी नुसता कागद देऊन निघू नका. अधीक्षिकेला रिकामा पंप आणि स्पेसर हातात देऊन एकदा करून दाखवायला सांगा. रोजचा पंप बाईंसमोर घेतला जाईल असं ठरवा, म्हणजे चुकणार नाही. दम लागल्यावरचा एक पंप मुलीच्या दप्तरात किंवा खिशात, दुसरा कुलूप नसलेल्या जागी. कुलपातलं औषध रात्री उपयोगाचं नाही. पहाटेच्या पीटीला धाप लागत असेल तर धावण्याआधी १५ मिनिटं २ पफ आणि सुरुवात हळू. पण हे रोजच लागायला लागलं तर रोजचा उपचार कमी पडतो आहे. पीटीतून सूट मात्र मागू नका.

खोली बघून घ्या. उन्हाळाभर कोठीत पडलेल्या गाद्या जूनमध्ये तशाच पसरल्या की धूळकिडे आणि बुरशी दोन्ही नाकात जातात. दोन दिवस कडक उन्हात घालून झटकून घ्यायला सांगा, झटकताना मुलगी तिथे नको. चादर आठवड्याला गरम पाण्यात धुतली जावी. डासांची अगरबत्ती तिच्या खोलीत नको, मच्छरदाणी द्या. झाडझूड ती बाहेर असताना व्हावी, ओल्या फडक्याने पुसून घेतली तर उत्तम.

हीच नजर घरावरही टाका, कारण सुटीत ती घरीच येणार. भाव वाढायची वाट बघत कापूस ज्या खोलीत भरून ठेवला असेल त्या खोलीत ती झोपू नये. पऱ्हाटी आणि तुराट्यांची चूल घरात पेटत असेल तर निदान ती उठायच्या आधीचं पाणी बाहेर तापवा, गॅस फक्त चहापुरता ठेवू नका. कुटार काढताना, तुरीची-हरभऱ्याची मळणी चालू असताना तिला लांब ठेवा, फवारणीचं औषध घरात कालवू नका. उलंगवाडीनंतर पऱ्हाट्या जाळायच्याच असतील तर घराकडे धूर येणार नाही असा दिवस बघा, न जाळता रोटाव्हेटरने जमिनीत मिसळल्या तर सगळ्यात चांगलं. कूलरच्या जुन्या ताट्यांत बुरशी धरते. मार्चमध्ये लावायच्या आधी त्या बदला आणि टाकीतलं पाणी साठू देऊ नका. पंपही उन्हापासून जपा. टिनाच्या छपराखाली किंवा गाडीच्या डिकीत नको, आतल्या खोलीत कोरड्या, थंड कोपऱ्यात, ३० अंशांखाली. केळी, दही, पेरू सरसकट बंद करू नका. एखाद्या पदार्थाने दरवेळी त्रास होतो असं दिसलं तरच तेवढा टाळा.

आणि कोजागिरी. त्या रात्री खिरीतून दम्याचं औषध घ्यायला आपल्याकडे लोक लांबलांब जातात, मृगाला हैदराबादला माशातून औषध घ्यायला जाणारेही आहेत. याने दमा बरा होतो असा पुरावा नाही. सासूबाईंची श्रद्धा असेल तर खीर खाऊ द्या, वाद घालू नका. पण ‘औषध झालं, आता पंप बंद’ हे मात्र होऊ देऊ नका. अटॅक येतात ते त्यानंतरच्या आठवड्यांत, थंडी पडायला लागल्यावर.

इतर वाचकांसाठी थोडं. मूल १२ वर्षांचं झालं की ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल असलेला एकच पंप, रोजचा म्हणूनही आणि दम लागल्यावरही, वापरता येतो का हे डॉक्टरांना विचारा. १२ वर्षांवरील कुणीही नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नये, असं ‘जिना’ या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचना २०१९ पासून सांगतात. मात्र सालमेटेरॉल असलेला पंप दम लागल्यावर घ्यायला चालत नाही, तेव्हा नाव वाचून घ्या. गरोदर बाईने रोजचा पंप बंद करू नये. दमा न आवरणं हे बाळाला औषधापेक्षा जास्त धोक्याचं असतं. रक्तदाब किंवा काचबिंदूच्या औषधांत प्रोप्रॅनोलॉल, टिमोलॉल असेल तर दमा असल्याचं डॉक्टरांना सांगा. वावरातून आल्यावर अंगदुखीची गोळी घेतली आणि तासा-दोन तासांत छाती भरली, तर ती गोळी पुन्हा घेऊ नका, दवाखान्यात दाखवा. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या किंवा बिडी ओढणाऱ्या मोठ्या माणसांचा दम वेगळा आजार असू शकतो. त्यांनी मुलाचा कागद वापरू नये, स्वतःची स्पायरोमेट्री करून घ्यावी.

शेवटी पंप संपण्याचा हिशोब, कारण वसतिगृहात गोष्ट बिघडते ती बहुधा इथे. २०० पफचा रोजचा पंप दिवसाला दोन पफ धरले तर १०० दिवस पुरतो. २६ जूनला नवा काढला तर ३ ऑक्टोबरला संपतो, म्हणजे दिवाळीच्या सुटीआधीच. त्यानंतरही दाबला की फुस्स आवाज येतो, पण औषध पुरेसं नसतं. पाण्यात तरंगवून कळत नाही, हलवूनही कळत नाही. म्हणून आकडा दाखवणारा पंप मिळत असेल तर तोच घ्या, नाहीतर पहिल्या दिवशीच पंपावर संपायची तारीख लिहा. पोळ्याला किंवा गणपतीत भेटायला जाल तेव्हा पुढचा पंप सोबत न्या, आणि दम लागल्यावरच्या पंपातून किती पफ गेले ते बाईंना विचारून वहीत लिहून ठेवा. डॉक्टर पुढच्या वेळी तेच आधी विचारतील.